लाल पेनाचे नारायण सर

भोरच्या एसटी स्टँडवर उतरून नारायण सरांचं घर विचारलं, तर समोरचा माणूस आधी विचारतो, "कापणारे नारायण सर का?" नवख्याला वाटतं, सर ऑपरेशनं करत असावेत, नाहीतर त्यांचं केस कापायचं दुकान असावं. तसं काही नाही. सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले सरळमार्गी गृहस्थ आहेत आणि ते लोकांचे शोधनिबंध कापतात. फुकट कापतात, आवडीनं कापतात, आणि कापून झाल्यावर चहा पाजतात.

रविवारी सकाळी त्यांच्या ओटीसमोर चपला जमतात. कुणी नसरापूरहून येतं, कुणी भोंगवलीहून, कुणी थेट वेल्ह्याकडून पहिली गाडी पकडून. सगळ्यांचं दुखणं एकच, निबंध छापून येत नाही. सर लाल पेनाचं टोपण काढतात. "शीर्षकात 'एक अभ्यास' लिहिलंय. अभ्यास नाही तर काय सहल होती?" सर्र. "पहिलंच वाक्य 'प्राचीन काळापासून'. अहो, तुमचा विषय गोबरगॅस आहे ना?" सर्र. "शेवटी म्हणताय, अधिक संशोधनाची गरज आहे. मग करा की, आम्हाला काय सांगता?" सर्र.

सल्ला मात्र खणखणीत, त्यात खोट काढायला जागा नाही. सारांश सगळ्यात शेवटी लिहा. जिथं पाठवणार त्या नियतकालिकाचे मागचे अंक आधी वाचा. आठवड्यात छापून देतो म्हणणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. समीक्षकाला द्यायच्या उत्तराचा पहिला मसुदा मनातच लिहा आणि मनातच फाडा. ऐकणाऱ्याचं भलं होतंच, फक्त आपलं काय उरलं ते जाताना बघावं लागतं. भोंगवलीचे सोमनाथ मास्तर कांदा साठवणुकीवर जाडजूड बाड घेऊन आले होते, परत निघाले तेव्हा हातात अर्धं पान. एसटीत बसल्यावर त्यांनी पिशवी पुन्हा पुन्हा उघडून बघितली म्हणे, बाकीचं वाटेत कुठं सांडलं की काय.

आता ही सवय निबंधापुरती राहिली असती तर गोष्ट वेगळी. शेजारच्या घरी आजोबा गेले, तेव्हा वर्तमानपत्रात द्यायचा मजकूर सरांना दाखवायला आणला. सरांनी 'दुःखद निधन'मधलं 'दुःखद' कापलं. "सुखद निधन कुणी छापतं का?" त्या घरानं पुढं बरेच दिवस सरांशी अबोला धरला. आणि सरांना शेवटपर्यंत कळलं नाही की आपलं चुकलं काय.

त्यांच्या पत्नी नलूताई म्हणतात, "ह्यांनी स्वतःला तरी सोडलं का?" नाही सोडलं. तरुणपणी सरांनी पीएचडीसाठी चांगला जाडजूड प्रबंध लिहिला होता. सादर करण्याआधी एकदा नजर फिरवावी म्हणून लाल पेन घेऊन बसले. नजर फिरता फिरता वर्षं गेली आणि प्रबंध इतका हडकला की तो बांधून द्यायला बायंडरनं नकार दिला. "हे दोन टाचण्यांत भागतंय की," तो म्हणाला. ते कागद अजून कपाटात आहेत. सर डॉक्टर झाले नाहीत ते नाहीतच.

या सगळ्यात सरांची एक खोड मात्र कुणाला ठाऊक नव्हती. एखाद्याचा निबंध छापून आला की तो अंक घेऊन धावत येई. सर "छान, छान" म्हणत आणि माणूस गेला रे गेला की शेवटचं पान उघडून आभाराचा परिच्छेद वाचत. हळू, बोट ठेवून. तिथं आपलं नाव असेल असं त्यांना दर वेळी वाटे. ते नसे. कसं असेल? "आभार दोन ओळींत आटपा, संशोधन आहे, हळदीकुंकू नाही" असं रविवारी ओटीवर तेच तर सांगत.

अशात मोहिनी आली. वेल्ह्याच्या वर डोंगरात पाच-सहा घरांचा वाडा आहे, तिथली ही पोर. घरात शेळ्या, गुरं, आणि कॉलेजची पायरी चढलेलं माणूस म्हणजे हीच. तिची पीएचडी शेळ्यांवर होती. कुठल्या ऋतूत शेळी कुठला पाला खाते आणि कुठला सोडते, हे ती त्यांच्या मागं रानोमाळ फिरून टिपून ठेवी.

"त्यात टिपायचं काय?" नलूताईंनी चहा देताना विचारलं. "शेळी सगळंच खाते."

"न्हाई काकू, लई नखरे असतात त्यांचे," मोहिनी म्हणाली. "लग्नातल्या व्याह्यागत. समोर आलेलं सोडून शेजारच्या पानातलं बघतात."

पीएचडीसाठी तिला एक निबंध छापून आणायचाच होता. तो आला नाही तर पुढचं सगळं अडणार होतं, आणि घरात आधीच "शिकली तेवढी बास, आता स्थळं बघू" अशी कुजबुज सुरू झाली होती. पुण्यातले तिचे मार्गदर्शक फोन उचलत नसत. मग उरले नारायण सर.

सरांनी निबंध वाचला आणि त्यांना आनंद झाला. पोरगी खरं बघत होती आणि नेमकं लिहीत होती. कापायला फारसं काही सापडेना, त्यानं ते जरा अस्वस्थही झाले. मग शेवटचं पान आलं आणि त्यांचा चेहरा खुलला. दीड पान आभार. आजा सावळा, आजी भामाबाई, झाडून सगळी भावकी, मामाकडचे, शेळ्या हिंडवणारे, ताक देणाऱ्या, आणि शेवटी वाड्यावरची शेंबडी पोरंसुद्धा.

"हे काय आहे?" सर म्हणाले.

"आमच्यात नाव सुटलं तर माणूस रुसतं सर."

"नियतकालिक रुसत नाही." सर्र. दीड पानाची एक ओळ झाली. वाड्यावरील रहिवाशांच्या सहकार्याबद्दल आभार. बस्स. त्या दीड पानाच्या तळाशी एक वाक्य होतं, नारायण सर, भोर, यांनी हे सारं वाचून वळण लावलं. त्या वाक्याशी सरांचं पेन थांबलं. पण तत्त्व म्हणजे तत्त्व. कापताना मनात आलं, आता ही म्हणेल, सर, तुमचं तरी राहू द्या.

"बरं सर," मोहिनी म्हणाली.

त्या दिवशी सर जेवले नाहीत. पित्त झालंय म्हणाले.

निबंध गेला आणि काही महिन्यांनी समीक्षकांचं उत्तर आलं. काम चांगलं आहे, पण सगळं चरलेल्या रानातलं आहे. शेळ्यांचं तोंड लागलेलं नाही अशा एखाद्या तुकड्यात शेळ्या नेऊन उन्हाळाभर बघा, मग छापू. असा तुकडा अख्ख्या डोंगरात एकच होता, हनुमंताचं करवंदीच्या काट्यांनी बंदिस्त केलेलं रान. हनुमंत म्हणजे मोहिनीच्या बापाचा चुलतभाऊ. आणि हनुमंत रुसला होता.

झालं होतं असं, की निबंध पाठवल्याच्या आनंदात मोहिनीनं तो वाड्यावर सगळ्यांना वाचून दाखवला. सावळा म्हणाला, "इंग्रजी ऱ्हाऊ दे, नावं तेवढी वाच." तिनं रहिवाशांची ओळ वाचली. हनुमंत जागचा उठला, घोंगडं झटकलं आणि आपल्या रानाच्या तोंडाशी जाऊन बसला तो बसलाच. रानात पाय ठेवू देईना.

मोहिनी रविवारी ओटीवर येऊन रडली. "सर, उन्हाळा गेला तर वर्ष गेलं. मग मला पुन्हा कुणी पाठवणार न्हाई." ती ओळ कापणारा हात त्यांचाच होता.

"मी येतो," सर म्हणाले. "नियम नीट समजावून सांगितले की माणसाला पटतं."

नलूताईंनी त्यांच्या पिशवीत पित्ताची गोळी टाकली.

सर नसरापूरपर्यंत एसटीनं, तिथून वेल्ह्याकडं जाणाऱ्या जीपमध्ये दाटीवाटीनं आणि पुढं डोंगर चढत, थांबत, बसत वर पोचले. हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लेखकत्वाचे नियम. हनुमंत कुंपणाच्या तोंडाशी झाडाखाली बसला होता. धिप्पाड गडी, पांढऱ्या मिश्या, तोंड दरीकडं.

"नमस्कार. मी मोहिनीचा सर."

"ठावं हाय. नावं कापणारं."

सर घाम पुसत समोरच्या दगडावर टेकले आणि त्यांनी फोल्डर उघडलं. "हे पाहा हनुमंतराव, ज्यानं विचार केला, निरीक्षण केलं, लिहिलं, त्याचंच नाव द्यायचं असतं. बाकीच्यांचे एकत्रित आभार. यात तुमचा अपमान नाही."

हनुमंतानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सर, तुमच्यात लग्नाच्या पत्रिका छापत्यात का?"

"छापतात की."

"त्यात जेवढी नावं असत्यात, त्या समद्यांचं लगीन असतं व्हय?"

सरांनी फोल्डरमधलं पुढचं पान उलटलं.

"मामाचंच घ्या. समद्यात जाड अक्षरात मामा. आन् मामा करतो काय? पोरीच्या मागं उबा ऱ्हातो. तेवढंच. पर मागं मामा न्हाई म्हटल्यावर पोरगी बोहल्यावर जाईल का?"

"पण निबंध आणि लग्न..."

"एकच हाय की. घरची पोर चार माणसांत चालली." हनुमंताचा आवाज चढला. "आन् ते रहिवासी काय लिवलंय? रहिवासी तर शेळीवरचं गोचीड बी हाय. मोहळ उठलं तवा पोरीच्या अंगावर घोंगडं टाकून माश्या कुणी खाल्ल्या? रहिवाशांनी? आठ दिस तोंड सुजलं हुतं माजं. बायकू वळखंना."

यावर फोल्डरमध्ये नियम नव्हता. सरांनी फोल्डर मिटलं. मग हनुमंतानंच विचारलं, "तुमचं नाव हाय का त्यात?"

"नाही."

"का?"

"मीच कापलं."

हनुमंतानं पहिल्यांदा वळून सरांकडं नीट बघितलं, सुजलेल्या माणसाकडं बघावं तसं. मग घोंगड्यावर सरकून त्यानं जागा केली. "मग तिकडं दगडावर काय बसताय? हिकडं या. तुमी बी रुसायचं."

आणि काय सांगावं, सर जाऊन बसले. चढून पाय दुखत होते म्हणा, की आयुष्यभराचं साचलेलं होतं म्हणा. दोघं शेजारी बसून दरीकडं बघू लागले. जरा वेळानं सावळा आजा चहाचे पेले घेऊन आला. "चला, हितं काय बसलाय, घरात चला." वासानं सरांचा हात आपोआप पुढं गेला. हनुमंतानं त्यांचं मनगट धरलं.

"पयल्या बोलावण्याला उठायचं नसतं," तो हळूच म्हणाला. "किंमत ऱ्हात न्हाई."

सावळा चहा घेऊन परत गेला. सर जाणाऱ्या चहाकडं बघत राहिले. मग भामाबाई आल्या, सरांना बघून पदर सावरला, आणि भाकरी तव्यावर असल्याचं सांगितलं. भाकरीबरोबर काय आहे तेही सांगितलं.

"आता?" सरांनी विचारलं.

"आता मान हलवायची. पर थोडी. म्हंजी वाट बंद न्हाई असं दिसाया पायजे."

सरांनी थोडी मान हलवली. ती जास्त हलली. हनुमंत म्हणाला, हुईल सवय. सर म्हणाले, "आमच्या नियतकालिकांचंही असंच असतं. पहिल्यांदा परत, दुसऱ्यांदा थोडी मान हलवतात, तिसऱ्यांदा घेतात."

"मग त्यास्नी बी मान लागत असंल," हनुमंत म्हणाला.

तिसऱ्या वेळी मोहिनी स्वतः आली. घोंगड्यावर दोघांना बघून तिचे डोळेच विस्फारले. "हनुमंततात्यांचं समजलं मला. पण सर, तुमी पण?"

सरांना खुलासा करायचा होता. दोन्ही बाजूंमध्ये सामंजस्य वगैरे काहीतरी म्हणायचं होतं. त्याऐवजी तोंडातून निघालं, "माझं नाव का काढलंस?"

"तुमीच कापलंत सर."

"मी कापलं. पण तू लगेच बरं का म्हणालीस? एकदा तरी नको म्हणायचंस." बोलताना सरांना स्वतःची लाज वाटली.

मोहिनी खाली बसली. "तुमी कापलेलं परत लिवायची छाती भोरात कुणाची हाय, सर?" ती म्हणाली. मग हनुमंताकडं वळून म्हणाली, "तात्या, चुकलं माझं. समद्यांची नावं परत घालते. चला दोघं बी, भाकरी निवल्या."

हनुमंत उठला आणि घोंगडं झटकलं. सर त्याच्या आधीच उठले होते.

उन्हाळाभर मोहिनी हनुमंताच्या रानात बसली. हनुमंतानं काटे काढून वाट करून दिली आणि तिला दिसावं म्हणून शेळ्यांना तो अधूनमधून "नीट खा की" असं दटावतही होता. ते करू नका हे त्याला समजावण्यात बराच वेळ गेला. निबंध पुन्हा गेला, दीड पान आभारांसकट. आणि उत्तर आलं, निबंध स्वीकारला आहे. फक्त आभार तीन ओळींत बसवावेत.

मोहिनी ते घेऊन ओटीवर आली. रविवार होता, ओटी भरलेली होती. सरांनी टोपण काढलं. सावळ्याच्या नावाशी पेन गेलं आणि मागं आलं. भामाबाईपाशी गेलं, तिथं भाकरी आठवली. हनुमंतापाशी तर त्यांनी हातच उचलला. सर्र असा आवाज येईना तशी ओटीवरची माणसं माना उंच करून बघू लागली. शेवटी सरांनी एकच वाक्य कापलं, तळातलं, स्वतःचं.

"सर, ते नको," मोहिनी लगेच म्हणाली.

ते ऐकून सरांना इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले. "नको म्हणालीस ना, बास," ते म्हणाले. "आता ते कापलेलंच राहू दे. थोरामोठ्यांची नावं तीन ओळींत बसव. बाकीच्यांचं काय करायचं ते मात्र मला सुचत नाही."

ते हनुमंताला सुचलं. त्यानं फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाला, "त्यांच्या कागदात जागा न्हाई व्हय? मग आपुन आपला कागद काढू. पत्रिका छापणारा भोरातच हाय की."

निबंध छापून आला त्याच महिन्यात हनुमंत इस्त्रीचं धोतर नेसून सरांच्या दारात हजर झाला. हळदीकुंकू लावलेली पत्रिका त्यानं सरांच्या हातात दिली, चहाला पहिल्यांदा नाही म्हणाला, दुसऱ्यांदा मान हलवली, तिसऱ्यांदा घेतला आणि पुढच्या घरांना वाटायला निघून गेला.

सर पत्रिका घेऊन झोपाळ्यावर बसले. सवयीनं लाल पेन हातात होतंच. वर गणपती, खाली देवाच्या कृपेकरून आमची नात चि. कु. मोहिनी हिचा शोधनिबंध प्रसिद्ध झाल्याप्रीत्यर्थ वाड्यावर भोजन योजिले आहे. प्रेषक, सावळा. निमंत्रक, सगळी भावकी. स्वागतोत्सुक, उरलेली भावकी. व्यवस्थापक, हनुमंत. त्याखाली पोरांची नावं आणि, आमच्या ताईच्या निबंधाला यायचं हं. आहेर आणू नये. सर बोट ठेवून शेवटपर्यंत गेले. मग वरून पुन्हा खाली आले.

पत्रिका त्यांनी टीपॉयवर ठेवली. "मला नाही जमायचं त्या दिवशी," ते म्हणाले. "पित्त होईल."

नलूताई भाजी निवडत होत्या. "पहिल्या बोलावण्याला नाही म्हणायचं असतं, ते का?" त्यांनी हात पुसून पत्रिका उचलली आणि चष्मा लावून उलटी केली. मागच्या पानावर, मधोमध, सगळ्यात जाड अक्षरात एकच नाव होतं. ते त्यांनी मोठ्यानं वाचलं. "मामा, डॉ. नारायण सर, भोर."

झोपाळा थांबला. सरांनी पत्रिका हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली.

"मी डॉक्टर नाही," ते म्हणाले.

"मग कापा," नलूताई म्हणाल्या. "पेन हातातच आहे."

सरांनी टोपण काढलं. पेनाचं टोक त्या अक्षरावर नेलं आणि तिथंच धरून ठेवलं. नलूताई हातातली मेथीची जुडी तशीच धरून बघत होत्या. सरांनी पेन मागं घेतलं, टोपण लावलं आणि पेन खिशात अडकवलं.

"छापून झालंय आता," ते म्हणाले. "सगळ्या तालुक्यात वाटलंही असेल." मग त्यांनी विचारलं, "काय गं, मामाला फेटा बांधतात ना? तो घरून न्यायचा असतो, की तिथं बांधतात?"